ॲलर्जीच्या त्या इंजेक्शनला घाबरून उशीर करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या काही दिवसांपासून आपल्या सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आपल्याकडेही आला असेल. ॲलर्जी झालेल्या पेशंटला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देऊ देऊ नका, त्याने हार्ट बंद पडतं, डॉक्टर सांगत नाहीत, पुढच्या दहा जणांना पाठवा, वगैरे. खाली नाव नाही, गाव नाही, सही नाही. माझं विजापूर रोडला मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे हा मेसेज मोबाईलवर उघडून माझ्यापुढे धरणारे रोज कोणीतरी येतात आणि विचारतात, काका हे खरं आहे का. काउंटरवर पाच माणसं ताटकळत उभी असताना काय न किती सांगणार, म्हणून म्हटलं एकदा पेपरातच लिहावं. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण औषधांच्या नावांचा भाग कापू नका एवढी विनंती.

पहिली गोष्ट, ॲड्रेनालिन हे काही कुठलं नवीन, ट्रायलवर असलेलं औषध नाही. आपल्याच शरीरात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमध्ये ते तयार होतं. कुत्रं मागे लागलं की छाती धडधडते, हात कापतात, अंगात बळ येतं, ते ह्याच्यामुळेच. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी केमिस्टने १९०१ च्या सुमाराला ते जनावरांच्या ग्रंथीतून शुद्ध करून काढलं, तेव्हापासून ते डॉक्टरांच्या हाताशी आहे. अमेरिकन पुस्तकात त्यालाच एपिनेफ्रिन म्हणतात, औषध एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आपल्या देशाच्या यादीतही आहे. आणि स्वस्त आहे ओ. इतकं स्वस्त की ते विकून दुकानदाराला काही सुटत नाही, म्हणून बरेच मेडिकलवाले ठेवतच नाहीत, हेही खरं सांगून टाकतो.

आता ते लागतं कधी. साधं अंगावर पित्त उठलं, गांधी आल्या, खाज सुटली, आमसुलाचं पाणी चोळलं, सेट्रिझिनची एक गोळी घेतली, संध्याकाळपर्यंत बसलं, ह्याला ॲड्रेनालिन लागत नाही. पण काही जणांना शेंगदाणा, काजू, कोळंबी, अंडं असं काही खाल्लं, किंवा मधमाशी चावली, किंवा पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, दुखण्यावरची एखादी गोळी घेतली की काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासात, सगळ्या अंगभर रिॲक्शन येते. ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, छातीत शिट्ट्या वाजतात, उलट्या, पोटात कळा, आणि मग बीपी धाडकन खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी. ह्याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. आणि एक लक्षात घ्या, प्रत्येकाला अंगावर गांधी उठतातच असं नाही. काहींना नुसतीच धाप लागते किंवा नुसतीच चक्कर येऊन पडतात, आणि घरचे म्हणतात उन्हानं झालं असेल, लिंबूपाणी द्या. आपल्याकडे तर शेंगा चटणी घरोघरी, लहान पोरांच्या डब्यात भाकरीसोबत रोजची, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशा वेळी पहिलं इंजेक्शन ॲड्रेनालिनचंच, आणि ते मांडीत, बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. दंडात नाही, कमरेत तर नाहीच, कारण तिथून ते रक्तात सावकाश जातं आणि इथे वेळ मिनिटांत मोजायची असते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅमपर्यंत, लहान मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या पोराला ०.१५. ॲम्प्युलवर, म्हणजे औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीवर, १ मिलीत १ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, म्हणजे मोठ्या माणसाला अर्धी ॲम्प्युल झाली. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी परत देतात. हे मी घरी टोचून घ्यायला सांगत नाहीये, ते डॉक्टरांनी किंवा शिकवलेल्या माणसानंच द्यायचं, पण समोर काय चाललंय आणि का चाललंय हे नातेवाईकांना कळलं तर ते मध्ये हात धरत नाहीत, म्हणून सांगतोय. मांडीत इंजेक्शन म्हटलं की आपल्याकडे लोक बिचकतात, बाईमाणूस असेल तर जास्तच, साडी-सलवार, सासरे बाहेर उभे, आणि त्यात वेळ जातो. फार तातडीची वेळ असेल तर पातळ कपड्यावरूनही देता येतं, हे माहीत असू द्या.

हे औषध काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं म्हणून बीपी वर येतं आणि घशाची सूज उतरते, छातीतल्या श्वासाच्या नळ्या उघडतं म्हणून दम कमी होतो, हृदयाला जोर देतं, आणि ज्या पेशी रिॲक्शनचं रसायन सोडत असतात त्यांनाही आवरतं. एवढी सगळी कामं एकाच वेळी करणारं दुसरं औषध नाही. आपल्याकडे कुठल्याही ॲलर्जीला एव्हिल-डेक्सा ठोकायची जुनी सवय आहे, पेशंटही तेच मागतात, डॉक्टर एव्हिल-डेक्सा द्या की. एव्हिलनं खाज आणि गांधी कमी होतात, बरोबर आहे, पण बंद होत चाललेला घसा ते उघडत नाही, पडलेलं बीपी उचलत नाही. डेक्सा स्टेरॉइड आहे, त्याचा असर दिसायला काही तास लागतात. दोन्ही नंतर खुशाल द्या, पण ती ॲड्रेनालिनच्या ऐवजी नव्हेत.

आता साइड इफेक्टचं. आहेत ना, नाही कोण म्हणतं. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, डोकं दुखतं, मळमळतं, जीव घाबरा होतो. बहुतेकांना दहा-वीस मिनिटांत उतरतं, कारण औषधाचा असरच थोडा वेळ टिकतो. शुगर वाढते, म्हणून डायबेटिसवाल्यांची नंतर तपासावी लागते. पार्किन्सनच्या पेशंटची थरथर काही वेळ वाढू शकते. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं, छातीत दुखणं, बीपी भयंकर वाढून मेंदूत रक्तस्राव असले मोठे प्रकारही पुस्तकात आहेत, पण ते बहुतेक करून डोस चुकीचा गेला किंवा औषध सरळ शिरेत भराभर सोडलं की होतात. शिरेतून द्यायचं काम मॉनिटर लावून मोठ्या दवाखान्यात, पातळ करून, हळूहळू. मांडीतला योग्य डोस आणि शिरेत सोडलेली अख्खी ॲम्प्युल ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलंय. शिवाय ॲलर्जीच्या झटक्यानंच हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, त्या वेळी खापर कुणावर फुटतं, शेवटी टोचलेल्या सुईवर.

मागच्या वर्षी माझ्या दुकानापुढेच घडलेलं सांगतो. पॉवरलूमवर काम करणारा माणूस, वय असेल चाळीसच्या आसपास, दाढदुखीची गोळी खाऊन आला होता, काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा, तळहात खाजवत म्हणाला एव्हिलची गोळी द्या. आवाज असा घोगरा की पहिल्यांदा मला कळलंच नाही. शर्ट वर केला तर पोटावर सगळीकडे लाल चकंदळं, कपाळावर घाम. गोळी देण्यात अर्थच नव्हता. शेजारच्या गाळ्यातल्या डॉक्टरांना हाक मारली, ते आले, त्याला बाकड्यावर आडवा केला, पायाखाली माझे सलाइनचे दोन खोके सरकवले आणि पँटवरूनच मांडीत इंजेक्शन. दम थोडा कमी झाला, पण हवा तेवढा नाही. डॉक्टरांनी विचारलं कुठली गोळी चालू आहे का, तो म्हणाला नाही. त्याच्याबरोबरचा पोरगा म्हणाला, आहे की, बीपीची. स्ट्रिप खिशातच होती, मेटोप्रोलॉल. डॉक्टरांनी मान हलवली, घड्याळ बघून दुसरा डोस दिला, एकीकडे १०८ ला फोन. दुसऱ्या डोसनंतर तो नीट बोलायला लागला आणि बोलला काय तर, छाती लई धडधडायलीय. झालं, जमलेल्यातला एकजण लगेच म्हणाला, बघा इंजेक्शन चढलं, म्हणत होतो ना. जो माणूस पाच मिनिटांपूर्वी श्वासाला तरसत होता तो आता तक्रार करण्याइतका बोलतोय हे कुणाला दिसलं नाही, धडधड तेवढी दिसली.

आता ह्या गोळ्यांबद्दलच मुख्य सांगायचंय. बीपीच्या, हृदयाच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी लॉल येतं, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, ह्या ॲड्रेनालिनचं काम अडवतात. इंजेक्शन दिलं तरी पाहिजे तसा उठाव येत नाही, मग परत डोस लागतो, कधी ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं इंजेक्शन द्यावं लागतं. प्रोप्रॅनोलॉलवर असलेल्याला तर उलटंच, बीपी एकदम वर आणि ठोके एकदम कमी असं होऊ शकतं. आणि प्रोप्रॅनोलॉल म्हणजे फक्त बीपीवाले म्हातारेच घेतात असं समजू नका, मायग्रेनला देतात, थायरॉइडच्या धडधडीला देतात, हात थरथरण्याला देतात, त्यामुळे पंचविशीतली पोरगीसुद्धा घेत असते आणि विचारलं की म्हणते मला बीपी-बिपी काही नाही. काचबिंदूला डोळ्यात टाकायचे टिमोलॉलचे थेंब येतात, तेही त्याच खानदानातले. डोळ्यातलं औषध कोण औषधात धरतो, पण दमेकऱ्याला त्या थेंबांनी धाप लागलेली आहे.

उलट बाजूच्याही गोळ्या आहेत, ज्यांच्यामुळे ॲड्रेनालिनचा जोर वाढतो. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रॅमिन ह्या जुन्या प्रकारच्या डिप्रेशनच्या गोळ्या. आता ॲमिट्रिप्टिलिन आपल्याकडे नसांच्या दुखण्याला, डोकेदुखीला, झोपेला सर्रास लिहून देतात, घेणाऱ्याला माहीतही नसतं. हट्टी टीबीला चालू असलेलं लिनेझोलिड, पार्किन्सनचं सेलेजिलिन, ह्यांच्याबरोबरही बीपी वाढायची भीती. हृदयाच्या पेशंटचं डिगॉक्सिन, थायरॉइडची गोळी, दम्याचं थिओफायलिन किंवा डेरिफायलिन, ह्यांनी ठोके बिघडायची शक्यता वाढते. बीपीच्या प्रॅझोसिनसारख्या गोळीनं मात्र असर कमी पडतो. मनाच्या गोळ्या चालू असल्या की आपल्याकडे लोक लपवतात, नवऱ्यापुढे सांगत नाहीत, सासूपुढे सांगत नाहीत, निदान डॉक्टरांच्या कानात तरी सांगा. पण ह्यातलं काहीही चालू असलं म्हणून ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनालिन द्यायचंच नाही असं होत नाही, जीव जात असताना त्याला पूर्ण मनाई अशी कुणालाच नाही, गरोदर बाईलाही नाही आणि हार्ट पेशंटलाही नाही. माहिती असली की डॉक्टर नजर ठेवतात, दुसऱ्या डोसची तयारी ठेवतात, एवढाच त्या विचारण्याचा उपयोग.

दातांच्या भुलीचं जाता जाता सांगतो कारण हा गैरसमज घरोघरी आहे. दाढ काढताना जी भूल देतात त्यात रक्त कमी यावं म्हणून चिमूटभर ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, १ः८०,००० वगैरे प्रमाण, म्हणजे अगदी थोडं. त्यानं कधी दोन मिनिटं छाती धडधडते आणि माणूस जन्मभर सांगत फिरतो मला भुलीची ॲलर्जी आहे. ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. पण प्रोप्रॅनोलॉल घेत असाल तर डेंटिस्टला सांगून बसा खुर्चीत.

दम्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे सूत, धूळ, उसाचा पाचट जाळल्याचा धूर, दम्याच्या पेशंटला तोटा नाही. पूर्वी दम्याचा मोठा ॲटॅक आला की कातडीखाली ॲड्रेनालिन द्यायचे, जुन्या माणसांना आठवत असेल. आता नुसत्या दम्याला ते पहिलं औषध राहिलेलं नाही, सॅल्ब्युटॅमॉलचा पंप, स्पेसर लावून, नाहीतर नेब्युलायझर, ऑक्सिजन, ही रीत आहे. पंपाची सवय लागते म्हणून घाबरणारे अजून आहेत, मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावरचा उपाय म्हणून मासा गिळणारेही आहेत, त्यांच्या श्रद्धेवर मी बोलणार नाही पण पंप खिशात ठेवून जा म्हणतो. मात्र दमा असलेल्या माणसाला ॲलर्जीची अंगभर रिॲक्शन आली तर ती इतरांपेक्षा जास्त जिवावरची, आणि तिथे घात असा होतो की घरचे म्हणतात दमाच उठलाय, आणि पंपावर पंप मारत बसतात. दम लागलाय आणि सोबत गांधी आहेत, ओठ सुजलाय, उलटी झालीय किंवा चक्कर येतेय, काहीतरी खाल्ल्यावर किंवा गोळी घेतल्यावर लगेच झालंय, तर पंप मारा पण ॲड्रेनालिन आधी.

बाहेरच्या देशात ह्याचं पेनसारखं इंजेक्शन मिळतं, मांडीला दाबलं की ठरलेला डोस आपोआप जातो, ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमचं. अमेरिकेत तर २०२४ साली नाकात मारायच्या स्प्रेलाही परवानगी मिळाली. आपल्या गावात असलं पेन मागितलं तर मेडिकलवाला तुमच्या तोंडाकडे बघेल. म्हणून आपल्याला आधार काचेच्या ॲम्प्युलचाच, आणि म्हणून ती दवाखान्यात असणं महत्त्वाचं. कोविडच्या लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवायचे आठवतंय ना, ते ह्याच्यासाठीच होतं, आणि लसीकरणाला गावात जाणाऱ्या सिस्टरकडेही ॲड्रेनालिनचं किट असतं, केंद्राच्या सूचनेप्रमाणे गरज पडली तर तिनं पहिला डोस मांडीत द्यायचा आणि मग पुढे पाठवायचं. वाडीवरची सिस्टर देऊ शकते तर मग शहरात रोज पन्नास इंजेक्शनं टोचणाऱ्या दवाखान्यात ॲम्प्युल नसावी ह्याला काय म्हणायचं. काही ठिकाणी असते पण एक्स्पायर झालेली, कारण वर्षानुवर्षं लागलेलीच नसते.

आणि आपला उन्हाळा. हे औषध पंचवीस डिग्रीच्या आत, उजेडापासून दूर ठेवायचं असतं, फ्रीझरमध्ये गोठवायचं पण नसतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चव्वेचाळीसला टेकतो, बंद गाडीत आणि मोटारसायकलच्या डिकीत किती होत असेल विचार करा, आणि व्हिजिटला जाणारे काही डॉक्टर इमर्जन्सीची पेटी तिथेच ठेवतात. ॲम्प्युलमधलं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, गुलाबी किंवा तपकिरी झाक आली, आत कण दिसले की बदलायची.

इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं म्हणून पेशंटला उठवून रिक्षात बसवून घरी नेतात, तेही करू नका. आडवं ठेवा, पाय वर, दम लागत असेल तर टेकून बसवा, एकदम उभं करू नका, बीपी कोसळतं. काही जणांना काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उलटते, म्हणून मोठ्या दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. १०८ ला फोन करताना नुसतं पेशंट सिरीयस आहे म्हणू नका, ॲलर्जीची रिॲक्शन आहे, श्वासाला त्रास होतोय, अमुक खाल्ल्यावर झालं, असं सांगा.

साहेब, आपल्या पेपरात आरोग्याचं पान असतं. त्यात जागा निघाली तर वर सांगितलेल्या गोळ्यांची नावं जरा मोठ्या टाइपात छापा, आणि तपासून घ्यायला एखाद्या एमडी डॉक्टरांना दाखवा, मी दुकानदार माणूस आहे. लोक असली कात्रणं काढून ठेवतात आणि औषधं घ्यायला येताना सोबत आणतात, त्या कात्रणावर त्यांच्या स्वतःच्या चालू गोळ्यांवर खूण करून द्यायचं काम मी आणि आमच्या रोडवरचे बाकीचे मेडिकलवाले करू, पैसे लागणार नाहीत.

आपला,
एक मेडिकलवाला, विजापूर रोड, सोलापूर